मेल ‘सेंट’ झाला, मग फाइल पोहोचली का नाही?

अर्जाची शेवटची तारीख असते. सातबारा, आधार, पासबुकाचं पहिलं पान, सगळ्यांचे मोबाईलवर फोटो काढून मेलला जोडले आणि पाठवले. ‘सेंट’ दिसलं म्हणून आपण निवांत. चार दिवसांनी कार्यालयात गेलं तर क्लार्क म्हणतो, ‘तुमचा मेलच आला नाही.’ नाहीतर, ‘मेल आलाय, पण फाइल उघडत नाही.’

‘सेंट’चा अर्थ एवढाच, की मेल तुमच्याकडून निघाला. एसटीच्या पार्सल खिडकीवर पावती मिळाली म्हणजे पार्सल मुक्कामी पोहोचलं असं नसतं, तसंच हे. मेल पुढे समोरच्या कार्यालयाच्या सर्व्हरकडे जातो आणि तो घ्यायचा की परत करायचा हे तो सर्व्हर ठरवतो.

आता फाइल कुठे अडते ते बघू. मेल मुळात साध्या इंग्रजी अक्षरांची चिठ्ठी पोहोचवण्यासाठी बनला होता. फोटो, पीडीएफ जोडायची ‘माइम’ नावाची पद्धत १९९२ मध्ये आली. तिच्यात एकाच मेलचे अनेक भाग पडतात: एका भागात मजकूर, पुढच्या भागांत एकेक फाइल, आणि मध्ये खुणेची एक ओळ. वाटेतल्या एखाद्या सर्व्हरनं मेलखाली आपली सूचना चिकटवताना ही मांडणी बिघडवली, तर फाइलच्या जागी निरर्थक अक्षरांच्या ओळीच ओळी दिसतात. तुमची मूळ फाइल मात्र ठीक असते.

पण जास्त त्रास वजनाचा होतो. फोटो जसाच्या तसा जात नाही, त्याची अक्षरं करून पाठवली जातात. तीन बाइटची चार अक्षरं होतात, म्हणजे तीन किलोचा माल गाडीत चढताना चार किलोचा होतो! समजा कार्यालयाच्या सर्व्हरची मर्यादा १० एमबी आहे आणि तुमच्या फाइल ८ एमबीच्या आहेत. वाटेत त्या साडेदहा एमबीच्या वर जातात आणि मेल परत फिरतो. म्हणून सुटे फोटो जोडण्यापेक्षा स्कॅनर ॲपनं सगळ्या कागदांची एकच कमी एमबीची पीडीएफ करा. अक्षरं वाचता येतात ना, एवढं तपासा.

जीमेलची मर्यादा २५ एमबी आहे. त्याहून मोठी फाइल असेल तर जीमेल ती ड्राइव्हवर ठेवतं आणि मेलमध्ये फक्त लिंक जाते. लिंक उघडायची परवानगी तुम्ही दिली नसेल, तर क्लार्कच्या हाती काहीच लागत नाही. कामाच्या गडबडीत परवानगी मागत कोण बसणार?

फाइलचं नावही साधं ठेवा. मराठी नाव काही जुन्या सर्व्हरवर तुटतं, शेवटचं ‘पीडीएफ’ हे शेपूट गळतं आणि मग फाइल कशात उघडायची ते कॉम्प्युटरला कळत नाही. इंग्रजी अक्षरं आणि आकडे, बस्स. पासवर्ड लावलेली झिप फाइल पाठवू नका. आत काय आहे ते तपासता येत नाही म्हणून बरेच सर्व्हर ती अडवून ठेवतात.

मेल परत आला तर ‘मेलर डेमन’ किंवा ‘मेल डिलिव्हरी’ अशा नावानं इंग्रजी उत्तर येतं. लोक ते फसवणुकीचं समजून डिलीट करतात. तसं करू नका, आधी त्यातला तीन आकडी नंबर बघा. ५५० बहुतेक वेळा पत्ता चुकल्यावर येतो, पण सर्व्हरनं मेल नाकारला तरी येतो, म्हणून पुढची ओळ वाचा. ५५२ म्हणजे मेल जड झाला किंवा समोरची पेटी भरली. नंबर ४ ने सुरू होत असेल तर अडचण तात्पुरती असते, सर्व्हर स्वतःच पुन्हा प्रयत्न करतो. या उत्तराचा स्क्रीनशॉट तारखेसकट जपून ठेवा. मुदतीत पाठवलं होतं हे दाखवायला तोच कामी येईल.

परतीचं उत्तर आलं नाही तरी मेल स्पॅममध्ये पडलेला असू शकतो. त्यामुळे शेवटच्या तारखेच्या दोन दिवस आधी पाठवा आणि फोन करून ‘साहेब, फाइल उघडली का?’ असं विचारा. ‘मेल आला का?’ एवढंच विचारून भागत नाही. जमल्यास ‘मिळाले’ एवढं उत्तर मेलवरच मागून घ्या.