दुचाकी आणि मोटार यांमधली गाडी

मोटारसायकलीहून मोठे आणि मोटारीहून लहान असे जे वाहन, त्याला आपल्या भाषेत एक नाव नाही. लातूरच्या गंजगोलाईत सोळा रस्ते येऊन मिळतात. तेथे क्षणभर उभे राहावे म्हणजे रिक्षा, ॲपे, बॅटरीवरची रिक्षा, मालाचा तीनचाकी टेंपो ही सारी भावंडे एकत्र दिसतात. नांदेडला स्टेशनावरून गुरुद्वाऱ्याकडे निघालेला यात्रेकरू ह्यांपैकीच कोणावर तरी बसतो. कंधार, लोहा, अहमदपूर ह्या बाजूला एक एस.टी. गेली की दुसरी येईपर्यंत खेड्याचा व्यवहार ॲपेवर चालतो. ह्या गाड्या चालवणाऱ्यांमध्ये आम्ही संघटनेचे काम करतो. कायद्याने त्यांना किती मोकळीक द्यावी, असे आम्हांस वारंवार विचारले जाते. मोकळीक कशात द्यायची ते आधी ठरवा, असे आमचे त्यावर सांगणे असते.

ॲपे हा इटालियन शब्द आहे, अर्थ मधमाशी. दुसऱ्या महायुद्धानंतर विमाने बनवणाऱ्या पियाजिओ कंपनीने आधी व्हेस्पा, म्हणजे गांधीलमाशी, ही स्कूटर काढली आणि १९४८ साली तिलाच मागे दोन चाके व हौदा जोडून ही मधमाशी तयार केली. मोटार घेण्याची ऐपत नाही, पण माल तर वाहिला पाहिजे, ही तिथली अडचण, आपलीही तीच. टेंपो हेही मुळात जर्मनीतील गाड्यांचे नाव. आज तो शब्द परका आहे असे सांगितले तर चालक हसतील.

आता ह्या गाडीचा स्वभाव पाहू. तीन चाकांची गाडी त्रिकोणावर उभी असते, आणि त्रिकोण पुढे निमुळता असतो. वळणावर वजन बाहेर ढकलले जाते. त्यातच ब्रेक दाबला की ते पुढे, नेमके निमुळत्या भागाकडे सरकते आणि गाडी कलंडते. मागच्या फळीवर चार माणसे लोंबकळली म्हणजे उलटा प्रकार होतो. पुढचे चाक हलके पडते, हँडल वळते पण गाडी वळत नाही. त्यावर वेगाचा हिशेब असा की, वेग दुप्पट झाला तर धडकेचा जोर चौपट होतो. ताशी २५ किलोमीटरच्या मानाने ७० किलोमीटरला तो जवळजवळ आठपट भरतो.

हा हिशेब ध्यानात ठेवला म्हणजे कायदा समजतो. बॅटरीवरच्या रिक्षा प्रथम नोंदणीविना, विम्याविना धावत होत्या. ३१ जुलै २०१४ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने त्या तेथे बंद केल्या. मग नियम झाले, २०१५ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली: वेग ताशी २५ किलोमीटरपर्यंत, उतारू चार, चालकाला दहा दिवसांचे शिक्षण. ऑगस्ट २०१६ मध्ये केंद्राने त्यांना परवान्याच्या अटीतून सोडवले. ही मोकळीक आम्हांला योग्य वाटते, कारण वेग बांधलेला आहे. मात्र ज्या बॅटरीच्या दुचाकीची ताकद पाव किलोवॅटहून कमी आणि वेग २५ च्या आत, ती कायद्याच्या लेखी मोटार वाहनच नाही. तिला नंबर नाही, विमा नाही. तिच्या धक्क्याने पाय मोडला तर भरपाई कोणाकडे मागावी?

दुसरे टोक आपल्या मराठवाड्यातलेच. वाळूजच्या बजाज कारखान्याची चारचाकी 'क्यूट' २०१२ साली दिल्लीत प्रथम दाखवली गेली. इंजिन २१६ सीसी, वजन मोटारीच्या निम्म्याहून कमी. रिक्षाचालकांचा विरोध झाला, न्यायालयात अर्ज गेले. महाराष्ट्रात ती २०१९ च्या एप्रिलमध्ये सुमारे अडीच लाखांना विक्रीस आली. २०१६ साली युरोपात ताशी ५० किलोमीटरच्या धडकेची परीक्षा घेतली, तेव्हा तिला पाचांपैकी एकच तारा मिळाला. तिच्या बरोबरीच्या युरोपीय गाड्याही दोनाच्या वर गेल्या नाहीत, हेही सांगितले पाहिजे. आमच्या बंधूंची भीती पोटाची होती आणि ती खरी होती. पण ही गाडी तरुणाच्या मोटारसायकलीवर तिघे बसण्याच्या जागी आली तर आम्ही तिला नावे ठेवणार नाही.

चालक जादा सीट भरतो, तो हावरट म्हणून, असे शहाणी माणसे म्हणतात. त्याचा दिवस कसा जातो ते पाहा. सकाळी स्टँडवर येण्याआधीच कर्जाचा हप्ता डोक्यावर असतो. (हप्ता ह्या शब्दाला दुसराही अर्थ आहे, तो श्रोत्यांना सांगायला नको.) गाडी परक्याची असेल तर रोजचे भाडे आधी फेडायचे, मग घर. हे फिटते पहिल्या पाच-सहा सीटांत. पोरांची फी निघते ती लोंबकळणाऱ्यांतून. महाराष्ट्रात रिक्षा परवान्यांच्या संख्येवरील बंधन २०१७ साली उठले. त्याआधी परवाना एकाचा आणि घाम दुसऱ्याचा हे सर्रास चाले. बंधन उठले तशा गाड्या वाढल्या, फेऱ्या वाटल्या गेल्या, आणि पुष्कळांना हप्ता पुन्हा जड झाला, हेही खरे.

म्हणून परवाना, फी, कागद ह्यांत सूट मागताना आमचा आवाज चढतो, आणि ब्रेक, टायर, विमा ह्यांत कोणी सूट देऊ केली तर आम्ही ती नाकारतो. कंधारच्या माणसाला पासिंगसाठी नांदेडला जावे लागले तर त्याचा दिवस बुडतो, आणि दिवस बुडू नये म्हणून तो झिजलेल्या ब्रेकवर आणखी महिना काढतो. तपासणी त्याच्या स्टँडवर आली पाहिजे, तीही बाजाराचा वार सोडून.