चाचणी दिवसा, कसोटी धुक्यात : वाहन परवाना आणि हेडलाइटचा योग्य वापर

खरड (पंजाब) : वाहन चालविण्याच्या परवान्याची चाचणी कार्यालयीन वेळेत, म्हणजे लख्ख उजेडात होते. आठच्या आकड्यातील वळण किंवा गाडी मागे घेण्याचे कौशल्य उन्हात तपासता येते; हेडलाइटचे तारतम्य मात्र तेथे उघडे पडत नाही. चंदीगडच्या वेशीवर, पंजाबच्या मोहाली जिल्ह्यात असलेल्या खरडमध्ये ही उणीव हिवाळ्यात विशेष जाणवते. लुधियानाकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग येथून जातो, तर रूपनगरमार्गे हिमाचलकडे जाणारा रस्ता येथेच फुटतो. डिसेंबर-जानेवारीत या पट्ट्यात दाट धुके उतरते. शिक्षण वा नोकरीनिमित्त आलेल्या अनेक मराठी तरुणांना असे धुके नवे असते, परवाना मात्र आधीपासून खिशात असतो.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०५ नुसार सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने, तसेच पुरेसा प्रकाश नसेल तेव्हा केव्हाही दिवे लावणे बंधनकारक आहे. म्हणजे धुके असेल तर भर दुपारीसुद्धा. पुढील १५५ मीटरपर्यंतची माणसे व वाहने स्पष्ट दिसावीत, अशी अपेक्षा आहे. त्याच वेळी समोरच्याचे डोळे दिपू नयेत, अशी अट नियम १०६ घालतो. या दोन्ही मागण्यांचा मेळ एकाच झोतात बसत नाही. म्हणूनच हाय बीम आणि लो बीम असे दोन झोत असतात.

मोकळ्या, अंधाऱ्या रस्त्यावर हाय बीम. समोरून वाहन येताच, कुणाच्या मागे असताना आणि पथदिव्यांच्या उजेडात लो बीम, एवढाच हिशेब. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणाऱ्याचे डोळे तीन सेकंद दिपले, तर तो सुमारे ५० मीटर अंतर जवळजवळ आंधळेपणाने कापतो. ट्रकच्या पाठीवर 'यूज डिपर ॲट नाइट' असे लिहिलेले असते, ते मागच्यासाठी; कारण मागून आलेला प्रखर झोत आरशातून चालकाच्या डोळ्यांत जातो.

धुक्यात हाय बीम लावणे ही नवख्यांची नेहमीची चूक. पाण्याच्या सूक्ष्म थेंबांवरून प्रकाश परततो आणि समोर पांढरी भिंत उभी राहते. तेथे लो बीम व असल्यास फॉग लॅम्प हाच उपाय. चारही इंडिकेटर लुकलुकत ठेवून गाडी चालविण्याची सवयही घातकच. वळण्याचा इशारा त्यात हरवतो आणि चालती गाडी थांबलेली भासते.

चाचणीची गाडी बहुधा परकी, प्रशिक्षण संस्थेची असते. त्यामुळे इंजिन सुरू करण्यापूर्वी दिव्यांची कळ शोधून दोन्ही झोत लावून पाहावेत. डॅशबोर्डवर निळी खूण उजळली, तर हाय बीम सुरू आहे. परीक्षकाने विचारले नाही तरी ही तपासणी करण्यास कुणाची हरकत नसते. गाडीत झोत खाली-वर करण्याची चकती असल्यास तीही पाहावी. मागे माणसे व सामान भरले की गाडीचे नाक वर होते आणि लो बीमसुद्धा समोरच्याच्या डोळ्यांवर जातो.

दुचाकीस्वारांचा गैरसमज वेगळाच. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिनासोबत आपोआप लागतो. झोत बदलण्याचे काम मात्र यंत्रणेने घेतलेले नाही. ते अजूनही डाव्या अंगठ्याकडेच आहे.