मोटारीचे स्टिअरिंग बदलण्यापूर्वी

गेल्या वैशाखात एका लग्नाच्या निमित्ताने निफाड तालुक्यात थोरल्या भावाकडे जाणे झाले. द्राक्षाचे पैसे हाती आल्यावर पुतण्याने सेकंडहँड मोटार घेतली होती. ‘‘ये, गाडी बघून जा,’’ असा दादाचा सारखा निरोप. गाडी २०२० सालची, चांगली निगा राखलेली. पण दार उघडून आत बसलो आणि नजर समोरच्या चाकावर गेली. कंपनीचे मूळ स्टिअरिंग जाऊन त्या जागी लहानसे, जाडजूड, लाल दोऱ्याने शिवलेले चाक आले होते. शर्यतीच्या गाडीला असते तसले.

‘‘अरे, यातली एअरबॅग कुठे गेली?’’ मी विचारले.

‘‘काका, ती काढून पोत्यात ठेवलीय. दुकानदार म्हणाला, गावच्या रस्त्याला तिचं काय काम?’’

‘‘आणि पोतं कुठे आहे?’’

‘‘माळ्यावर. पत्र्याखाली.’’

वाचकहो, मी शेतकीचा पदवीधर, मोटारीचा मेस्त्री नव्हे. पण पत्र्याखालचे ते पोते ऐकून अंगावर काटा आला. एअरबॅग म्हणजे नुसती कापडाची पिशवी नसते. तिच्या मागे एका डबीत रासायनिक दारू ठासलेली असते. धडक झाली की विजेची ठिणगी पडते, दारूचा वायू होतो आणि डोळ्याचे पाते लवण्याच्या आत पिशवी फुगते. असली वस्तू उन्हाने तापणाऱ्या पत्र्याखाली, जिथे पोरे लपाछपी खेळतात तिथे ठेवायची? आधी ते पोते खाली उतरवून घेतले, मगच चहा घेतला.

आमच्या उमेदीच्या काळात ही भानगड नव्हती. खात्याच्या जुन्या जीपचे चाक तडकले, तेव्हा ड्रायव्हरने काही महिने त्याला सायकलची ट्यूब गुंडाळून काम भागवले. पुढे भंगारातून दुसरे चाक आणून अर्ध्या तासात बसवले. दांड्यावरचे दाते जुळले, नट आवळला, काम झाले. ट्रॅक्टरचे आजही बहुतेक तसेच आहे. पण १ जुलै २०१९ पासून आपल्या देशात प्रत्येक नव्या मोटारीला ड्रायव्हरसाठी एअरबॅग सक्तीची झाली. तेव्हापासूनच्या गाडीचे स्टिअरिंग म्हणजे नुसते धरायचे कडे राहिलेले नाही.

मग त्याच्या मागे असते तरी काय? एअरबॅगची वायर गाडीच्या अंगातून येते, आणि चाक तर डावी-उजवीकडे गरगर फिरते. साधी वायर असती तर दोरीला पीळ पडतो तसा पीळ पडून तुटली असती. म्हणून चाकाच्या मागे एका चपट्या गोल डबीत पट्टीसारखी तार घड्याळाच्या कमानीप्रमाणे गुंडाळलेली असते. मेस्त्री तिला क्लॉक स्प्रिंग म्हणतात. चाक फिरेल तशी ती उलगडते आणि पुन्हा गुंडाळते. हॉर्नची आणि चाकावरच्या बटणांची वायरही याच डबीतून जाते. ही डबी बरोबर मध्यावर असावी लागते. चाक काढल्यावर कोणी ती गंमत म्हणून फिरवली आणि तशीच बसवली, तर एका बाजूचे पूर्ण वळण घेताना तार ताणून तुटते. पुतण्याच्या गाडीत नेमके हेच झाले होते.

दुसरी वस्तू म्हणजे कोन मोजणारा सेन्सर. गाडी घसरू लागली तर एकेका चाकाला आपोआप ब्रेक लावून ती सावरणारी यंत्रणा काही गाड्यांत असते. ड्रायव्हरला कुठे वळायचे आहे, हे तिला हाच सेन्सर सांगतो. तो कुठे दांड्यावर असतो, तर कुठे त्या गोल डबीतच. डबीला बारीक खुंट्या असतात, त्या मूळ चाकाच्या भोकात बसतात आणि चाकाबरोबर डबी फिरते. बाजारच्या चाकाला ती भोके नसली, तर चाक फिरते आणि डबी जागच्या जागी राहते. मग यंत्रणेला वाटते, गाडी सरळच चालली आहे.

आणखी एक चूक गावोगाव होते. चाक एखादा दाता चुकून बसले की सरळ रस्त्यावरही ते वाकडे दिसते. चाक काढून पुन्हा नीट बसवण्याऐवजी मेस्त्री खाली शिरतो आणि पुढच्या टायरांचे रॉड फिरवून चाक सरळ करतो. दिसायला सारे ठीक होते. पण दांड्यावरच्या सेन्सरचे शून्य आता सरकलेले असते. गाडी सरळ जात असता त्याला ती वळते आहे असे वाटते आणि पिवळा दिवा लागतो.

तिसरी वस्तू विजेच्या पॉवर स्टिअरिंगची. तुम्ही चाकावर किती जोर लावता, हे मोजणारा नाजूक भाग दांड्याशी जोडलेला असतो. म्हणून घट्ट बसलेले चाक काढताना दांड्यावर हातोडा घालू देऊ नका. पुलर लावून सावकाश ओढून काढायचे.

दुसऱ्या दिवशी गाडी नाशिकला कंपनीच्या वर्कशॉपमध्ये नेली. तिथल्या मेस्त्रींनी डॅशबोर्ड उघडला. एअरबॅगचा दिवा काढूनच टाकलेला होता! पुतण्याचा चेहरा उतरला. दिवा नाही म्हणजे शेजारच्या सीटची एअरबॅग किंवा पट्टा ओढणारी यंत्रणा बिघडली असती, तरी ते कुणाला कळले नसते. त्या सीटवर माझ्या वहिनी बसतात. काही ठिकाणी दिवा काढत नाहीत, एअरबॅगच्या जागी एक छोटा रेझिस्टर जोडतात. मग गाडीच्या कॉम्प्युटरला वाटते पिशवी जागेवर आहे, आणि दिवा शहाण्यासारखा विझतो. ही तर शुद्ध फसवणूक.

मूळ चाक सुदैवाने घरात होते. ते बसवताना मी मुद्दाम शेजारी उभा राहिलो. आधी पुढची चाके सरळ केली. चावी काढून बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवली आणि मेस्त्री चक्क चहा प्यायला गेले. मी विचारले, तर म्हणाले, ‘‘साहेब, तार सोडली तरी एअरबॅगच्या डब्यात थोडी वीज साठून राहते, ती उतरू द्यायची.’’ किती वेळ थांबायचे ते गाडीच्या सर्व्हिस पुस्तकात असते. नसेल तर दहा मिनिटे थांबावे. मग चाक काढताना दांडा आणि चाक यांवर एकाच रेषेत खूण केली. नवी गोल डबी मध्यावर आणून बसवली. मध्य कसा काढायचा हे प्रत्येक गाडीचे वेगळे असते, बहुधा डबीवरच बाणाने दाखवलेले असते. मूळ चाक चढवून नट पुस्तकात दिलेल्या मापाने, मापाच्या पान्याने आवळला. माळ्यावर तापलेली ती जुनी एअरबॅग त्यांनी परत बसवली नाही, नवीच घातली. एअरबॅगच्या वायरचे जोड पिवळ्या रंगाचे असतात, त्यांना टेस्ट लॅम्प लावायचा नाही, हेही त्यांनी बजावले. शेवटी कॉम्प्युटर जोडून जुने दोष पुसले आणि सेन्सरचे शून्य ठरवून दिले. डबी, एअरबॅग आणि मजुरी मिळून झालेला खर्च त्या लाल दोऱ्याच्या चाकाच्या कितीतरी पट होता. आकडा लिहित नाही, दादा हे पान वाचतात.

मग चाक कधी बदलूच नये का? मूळ चाक झिजले, फुटले तर त्याच मॉडेलचे, एअरबॅगसह चालणारे चाक कंपनीकडून घ्यावे आणि वर सांगितल्या रीतीनेच बसवून घ्यावे. निव्वळ हाताला बरे वाटावे, घामाने घसरू नये एवढाच हेतू असेल, तर मूळ चाकावरच चामडे शिवून घेता येते. फक्त मधल्या झाकणावर, जिथून पिशवी बाहेर येते तिथे, चामडे, स्टिकर, देवाची मूर्ती काहीही चिकटवू नये. धडकेच्या वेळी तीच वस्तू तोंडावर येते. आपली छाती आणि चाक यांत निदान २५ सेंटिमीटर अंतर असू द्यावे.

जुनी गाडी घेणाऱ्यांनी एवढे जरूर बघावे. चावी फिरवली की एअरबॅगचा लाल दिवा काही सेकंद लागतो आणि विझतो. तो विझला नाही तर दोष आहे हे कोणालाही कळते. पण मुळीच लागला नाही, तर कोणीतरी तो काढला आहे असे समजून व्यवहार थांबवावा. चाक दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत फिरवून हॉर्न वाजवून पाहावा. मधेच हॉर्न बंद पडत असेल, तर मागची तार तुटत आली आहे.

पुतण्याने आता मूळ चाकावर गावातल्याच कुशनवाल्याकडून काळे चामडे शिवून घेतले आहे. दोरा मात्र लालच घातला.