गणवेश शिवण्याचा धंदा आहे? सॉफ्टवेअर घेण्याआधी हे तपासा

सोलापूर : गणवेश शिवणारे छोटे कारखानदार आता वहीऐवजी सॉफ्टवेअर घ्यायला लागलेत. विकणारा आधी बिल छापून दाखवतो. पण बिल कुठलंही सॉफ्टवेअर काढतं. कपड्याच्या धंद्यात खरा हिशोब कापडाचा असतो.

समजा, १०० मीटर कापड काढलं. एका शर्टाला सव्वा मीटर, म्हणजे ८० शर्ट व्हायला पाहिजेत. परत आले ७६. बाकीचे चार कटिंगमध्ये वाया गेले, खराब निघाले, की अजून शिवणाऱ्या ताईंकडेच आहेत? हे सॉफ्टवेअरनं सांगितलं पाहिजे. नाहीतर विनाकारण त्यांची मजुरी कापली जाते.

घेण्याआधी एवढं बघा :

१. सहा साईज, चार रंग म्हणजे एका शर्टाचे २४ प्रकार. प्रत्येकाचा साठा वेगळा दिसतो का?

२. बाहेर शिलाईला दिलेल्या मालाचं चलन आणि नगावर मजुरी निघते का?

३. २२ सप्टेंबर २०२५ पासून नगाला २५०० रुपयांपर्यंतच्या कपड्यावर ५ टक्के, त्यावर १८ टक्के जीएसटी आहे. दर आपोआप लागतो का?

४. वर्गणी बंद केली तर आपली माहिती एक्सेलमध्ये मिळेल का?

टॅलीत हिशोब आणि जीएसटी होतो. मुंबईच्या कंपनीचं ईआरपीनेक्स्ट ओपन सोर्स आहे, त्यात साईज-रंगाचे प्रकार करता येतात. पण ते बसवायला जाणकार लागतो.

पैसे देण्याआधी आपलीच एक जुनी ऑर्डर त्यात भरून बघा. वहीशी जुळली तरच घ्या.