वर्गातील आठवडा : भिंतीवरचा आणि भिंतीबाहेरचा

जिल्हा परिषदेच्या कोणत्याही प्राथमिक शाळेत जा, भिंतीवर मुख्याध्यापकांच्या सहीचे वेळापत्रक डकविलेले दिसेल. वर सोमवार ते शनिवार, डाव्या बाजूला तासिका आणि चौकटींतून भाषा, गणित, इंग्रजी, परिसर अभ्यास, कला, कार्यानुभव, शारीरिक शिक्षण. विस्तार अधिकारी तपासणीला आले की त्यांची नजर प्रथम तिकडे जाते. पण शाळेत आणखी एक वेळापत्रक चालू असते. ते कधी लिहिलेले असते, बहुधा नसते. वर्ग कोणी झाडायचा, हंडा कोणी भरायचा, खडू-डस्टर कोणी आणायचे, पाहुण्यांना चहा कोणी न्यायचा, याचे ते वेळापत्रक होय. मूल आठवडाभरात काय शिकले हे समजून घ्यायचे तर ही दोन्ही वेळापत्रके शेजारी ठेवून वाचावी लागतात.

शिक्षणासंबंधी आपल्या चळवळीत पुष्कळ बोलले गेले. परंतु ते बहुतेक वसतिगृहे, शिष्यवृत्त्या, राखीव जागा आणि महाविद्यालये यांच्याविषयी. तिसरीच्या वर्गात मंगळवारी दुपारी काय होते, हा आपल्याला चर्चेचा विषय वाटत नाही. जोतीराव फुल्यांना मात्र तो वाटला होता. १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा एवढेच सांगितले नाही, तर शाळेत काय शिकवावे हेही सांगितले. मोडी आणि बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास-भूगोल-व्याकरणाची तोंडओळख, शेतीचे प्राथमिक ज्ञान, नीती व आरोग्य यांचे थोडे पाठ, असा त्यांचा आराखडा होता. शिक्षक नांगर धरायला न लाजणारा असावा, असा त्यांचा आग्रह होता. हा आराखडा कष्टकऱ्याच्या मुलाचा दिवस डोळ्यांसमोर ठेवून केलेला आहे. आजच्या वेळापत्रकात 'कार्यानुभव' नावाची चौकट आहे. तिच्यात बहुतेक ठिकाणी रंगीत कागदाची फुले होतात.

आता आठवड्याचे गणित पाहू. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने (तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला) पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन ठरविले. म्हणजे दिवसाला सरासरी चार तास. त्याच कायद्याप्रमाणे साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक. वस्तीवरच्या शाळेत चार वर्ग आणि दोन शिक्षक असतात, तेव्हा एका शिक्षकाकडे दोन वर्ग येतात. चार तासांचे दोन भाग झाले. प्रत्येक वर्गाच्या वाट्याला गुरुजी प्रत्यक्षात दोन तास. उरलेल्या दोन तासांना आमच्या टाचणवहीत 'स्वयंअध्ययन' म्हणतात.

या स्वयंअध्ययनावर जरा थांबले पाहिजे. पहिलीला अक्षरे गिरवायला देऊन गुरुजी दुसरीकडे वळतात. ज्या मुलाच्या घरी आईने अंगणवाडीच्या वयातच बोट धरून 'क' काढून घेतला आहे, ते मूल गिरवते. ज्याची आई पहाटे खुरपणीला गेली आहे, ते पाटीकडे पाहत बसते. वीस मिनिटांनी गुरुजी परत येतात, तेव्हा पहिल्याची पाटी भरलेली आणि दुसऱ्याची कोरी असते. हे रोज घडते. शुक्रवारपर्यंत एक 'हुशार' होतो आणि दुसरा 'मागे'. तसे कोणी ठरविलेले नसते, गुरुजी दुष्ट नसतात. वेळेची विभागणीच तशी झालेली असते. मग हुशार मूल गटप्रमुख होते. गटप्रमुख खडू आणतो, उत्तरे तपासतो. मागे राहिलेल्याला काहीतरी काम हवे म्हणून त्याच्या हाती झाडू येतो. तो कोणाच्या वस्तीतला आहे, हे वाचकांना सांगायला नको.

नोकरीच्या पहिल्या वर्षी एका शाळेत मी हे डोळ्यांनी पाहिले. पाणी भरायला उंच वर्गातल्या दोन ठरावीक मुली जात आणि वर्ग झाडायला दुसऱ्या दोन ठरावीक मुली. पाणी भरणाऱ्या कधी झाडत नसत आणि झाडणाऱ्यांनी हंड्याला हात लावल्याचे मला आठवत नाही. वरिष्ठ सहकाऱ्यांना विचारले तर म्हणाले, "मुलींनीच आपसांत वाटून घेतले आहे, सर. आपण त्यात कशाला पडायचे?" साताऱ्याच्या शाळेत शिपाई नसला की बाबासाहेबांना पाणी मिळत नसे. त्या शाळेतल्या त्यांच्या प्रवेशाचा दिवस, ७ नोव्हेंबर, महाराष्ट्रात २०१७ पासून 'विद्यार्थी दिवस' म्हणून साजरा होतो. आमच्याकडेही भाषणे होतात. त्या दिवशी हंडा कोण भरतो, हे पाहण्याची मला सवय लागली आहे.

पाळी बदलणे हे काम दिसते त्यापेक्षा अवघड आहे. मी हजेरीपत्रकातल्या क्रमाने चार-चार मुलांचे गट पाडले. सोमवारी पहिला गट पाणी, दुसरा झाडलोट, तिसरा फळा-परिपाठ, चौथा पोषण आहाराची ताटे, आणि दर आठवड्याला एक घर पुढे. मुलगे-मुली भेद नाही. ज्या गटाची झाडण्याची पाळी, त्यात गुरुजींचेही नाव. हे शेवटचे केले नाही तर बाकी सगळे फुकट जाते. पहिले दोन आठवडे एका मुलाच्या पोटात नेमके झाडण्याच्या दिवशी दुखत असे. तिसऱ्या आठवड्यात त्याची आजी शाळेत आली आणि "आमच्यात पोरं केर काढत न्हाईत, गुरुजी" असे म्हणाली. मी खराटा हातातच धरून होतो. ती थोडा वेळ उभी राहिली आणि गेली.

दुपारच्या जेवणाची तासिका वेळापत्रकात 'मधली सुट्टी' म्हणून येते, पण माझ्या मते आठवड्यातला तोच खरा नागरिकशास्त्राचा तास. १९९५ साली योजना सुरू झाली तेव्हा तांदूळ घरी मिळे. २८ नोव्हेंबर २००१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने शिजविलेले अन्न आले, आणि पंगतीचा प्रश्नही आला. २० एप्रिल २००४ च्या आदेशात त्याच न्यायालयाने स्वयंपाकी व मदतनीस नेमताना दलित-आदिवासींना प्राधान्य द्यावे असे म्हटले. हा आदेश किती शिक्षकांना ठाऊक आहे? किती शाळा व्यवस्थापन समित्यांत तो वाचला गेला? कार्यकर्त्यांनी आपल्या गावच्या शाळेत जाऊन एवढी एकच गोष्ट विचारावी.

आठवड्याला बाहेरूनही धक्के बसतात. बाजाराच्या दिवशी पट निम्म्यावर येतो, कारण धाकट्याला सांभाळायला थोरली घरी राहते. दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणारी कुटुंबे गाव सोडतात. मराठवाड्यातील शाळांत तेव्हा 'आठवडा' या शब्दाला फारसा अर्थ उरत नाही. सोमवारी शिकविलेला हातच्याचा पाठ ज्याला गुरुवारी पुढे न्यायचा, ते मूल तोवर कोपीवर पोचलेले असते. हंगामी वसतिगृहे आहेत, पण ती वेळेवर सुरू झाली तरच उपयोग. दिवाळीपूर्वीच हातच्याचा आणि उसन्याचा भाग उरकून घ्यायचा, क्रमिक पुस्तकाचा क्रम मोडला तरी चालेल, एवढे शिक्षकाच्या हातात असते.

भाषेचेही थोडक्यात. मूल 'पानी', 'व्हतं', 'न्हाय' घेऊन येते. पहिल्याच आठवड्यात त्याला चारदा अडविले की ते पाचव्यांदा बोलत नाही. त्याला बोलू द्यावे, गुरुजींनी फळ्यावर पुस्तकी रूप शेजारी लिहावे. दोन्ही रूपे दिसली की मूल हळूहळू स्वतःच वाट काढते.

शनिवार मला सर्वांत आवडतो. सकाळची शाळा, कवायत, दप्तराचे ओझे कमी. मार्च २०२४ च्या शासननिर्णयाने पहिली ते आठवीसाठी 'आनंददायी शनिवार' आला. पण शाळांतून बालबाजार त्याच्या कितीतरी आधीपासून भरत होते. मुलांनी घरून माल आणायचा, विकायचा, हिशेब ठेवायचा. नाणी, बेरीज-वजाबाकी, वजन-माप यांचा इतका चांगला पाठ दुसरा नाही. आमच्या एका बाजारात मातंग वस्तीतल्या मुलाने केरसुण्या आणि दोरखंडे आणली होती, तासाभरात संपली. बौद्ध वस्तीतल्या चौथीच्या मुलीने आईकडून भजी तळून आणली होती. तिच्यापुढची परात तशीच राहिली. शेजारी दुसऱ्या मुलीचे चिवड्याचे पुडे संपले होते. मी गेलो, उरलेली सगळी भजी विकत घेतली आणि शिक्षकांत वाटली. तिच्या हातात पैसे आले. मला वाटले, प्रश्न सुटला.

सोमवारी गणिताच्या तासाला सर्वांचा हिशेब फळ्यावर मांडला : आणले, विकले, उरले. त्या मुलीच्या 'उरले'मध्ये मी शून्य लिहिले. ती जागेवरूनच म्हणाली, "गुरुजी, तुमी घेतली ती इकली धरायची का?" वर्ग गप्प झाला. मी पुसून आकडा लिहिला. मग विचारले, का उरली? एकाने सांगितले, गार झाली होती. दुसरा म्हणाला, तेल जास्त. तिसरा खाली पाहून म्हणाला, "आमच्या घरी खात न्हाईत तिकडचं." पुढच्या बाजाराला त्या मुलीने कोथिंबीर आणली. ती सगळी खपली.

त्यानंतर आम्ही बाजारात शिजविलेले आणणे बंद केले नाही. शिजविण्याची जागा बदलली. गुरुवारी परिसर अभ्यासाच्या तासाला प्रत्येकाने घरून मूठभर मटकी आणायची, सगळी एकाच पातेल्यात ओतायची, मापून पाणी घालायचे. शुक्रवारी उपसून फडक्यात बांधायची आणि बी कसे फुगते याचे चित्र काढायचे. शनिवारी शाळेच्या आवारात चूल. त्या आठवड्याच्या पाळीतला गट कांदे चिरणार आणि उसळ ढवळणार. मूठभर मटकी कोणाच्या घरची, हे एकदा पातेल्यात पडल्यावर सांगता येत नाही. पहिल्या शनिवारी भजीवाल्या मुलीचा गट चुलीपाशी होता. दोन मुले घरून बिस्किटांचे पुडे घेऊन आली होती आणि कडेला बसून ती खात होती. त्यांना कोणी काही म्हणायचे नाही, असे मी वर्गाला सांगून ठेवले होते. चौथ्या शनिवारी पुडा एकच होता, आणि तो आणणाऱ्याने उसळ संपत आल्यावर वाटी पुढे केली.