वादळ माशाला किती कळतं?

१५ ऑगस्ट उलटला की मध्य प्रदेशातल्या नद्या-तलावांवरची दोन महिन्यांची मासेमारीबंदी संपते आणि भोपाळचे हौशी लोक गळ, दोरी, कणकेच्या गोळ्या घेऊन बाहेर पडतात. पाऊस मात्र सरकारी तारखा पाळत नाही. बिट्टन मार्केटहून निघताना भुरभुर असते, पाण्याशी पोचेपर्यंत तो झोडपायला लागतो. संध्याकाळ होते, गळाला काही लागत नाही. शेजारी छत्रीखाली बसलेल्या जाणत्याचं निदान ठरलेलं: ‘हवेचा दाब उतरलाय, आज मासा तोंड उघडणार नाही.’ अमेरिकेत बास माशाच्या मागे लागलेले शौकीनही हेच सांगतात आणि वायुभारमापक बघूनच घराबाहेर पडतात.

निदान ऐकायला शास्त्रशुद्ध वाटतं. माशाच्या पोटात हवेची पिशवी असते, वाताशय. तिच्या जोरावर तो पाण्यात हव्या त्या खोलीवर तरंगतो. बाहेरचा दाब घटला की पिशवी फुगणार, माशाला अस्वस्थ वाटणार, मग तो खाणार कसा? पण थोडं गणित मांडलं की चित्र पालटतं.

हवेचा एक मिलिबार दाब म्हणजे पाण्याचा जेमतेम एक सेंटीमीटर थर. बंगालच्या उपसागरातून निघालेला कमी दाबाचा पट्टा मध्य प्रदेशावरून सरकतो तेव्हा दाब समजा दहा मिलिबारने उतरला, तर माशाच्या दृष्टीने पाणी दहा सेंटीमीटरने उथळ झालं, एवढंच. वीतभरसुद्धा नाही. तितकं खाली सरकलं की त्याचं वादळ मिटलं! शिवाय तलावावर वारा सुटून फूटभर उंचीच्या लाटा उठल्या, तर पृष्ठभागाजवळच्या माशावरून दर काही सेकंदांनी वीस-तीस मिलिबारचा चढउतार जात असतो. आपल्याकडे आकाश निरभ्र असलं तरी हवेचा दाब दिवसातून दोनदा तीनेक मिलिबारने वरखाली होतो. त्याची दखल ना आपण घेत, ना मासा.

आणखी एक गंमत. भोपाळचा बडा तलाव पूर्ण भरतो तेव्हा पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून १६६६.८० फुटांवर, म्हणजे सुमारे ५०८ मीटरवर असते. एवढ्या उंचीवर हवेचा खरा दाब साडेनऊशे मिलिबारच्या आसपास भरतो. हवामानाच्या बातमीत हजाराच्या पुढचा आकडा दिसतो, कारण तो समुद्रसपाटीच्या हिशेबात बदलून सांगितलेला असतो. २०२१ साली अरबी समुद्रात उठलेल्या तौक्ते चक्रीवादळाच्या केंद्रातला दाब ९५० मिलिबारपर्यंत उतरल्याचा अंदाज होता. म्हणजे भोपाळचा रोहू लख्ख उन्हातही जवळजवळ तेवढ्याच दाबात जन्मभर सुखाने चरत असतो.

मग वादळ माशापर्यंत पोचतं तरी कसं? एक वाट कानाची. रोहू-कटल्याच्या कुळात वाताशयापासून आतल्या कानापर्यंत चिमुकल्या हाडांची साखळी असते. जर्मन शरीरशास्त्रज्ञ एर्न्स्ट हाइनरिख वेबर यांनी १८२० साली तिचं वर्णन केलं. या माशांच्या पोटातली पिशवी नगाऱ्यासारखी थरथरते आणि आवाज कानापर्यंत पोचवते. त्याच कुळातला गोल्डफिश तीन-चार हजार हर्ट्झपर्यंत ऐकू शकतो. आता रिमझिम पाऊस बघा. त्याचा बारीक थेंब पाण्यात शिरताना हवेचा बुडबुडा अडकवतो आणि तो बुडबुडा पंधरा हजार हर्ट्झच्या आसपास किणकिणतो. पाण्याखाली भुरभुर पावसाचा मुख्य आवाज हाच, आणि तो या माशांच्या ऐकण्यापलीकडचा! मुसळधार पावसाचे टपोरे थेंब मात्र खालच्या पट्टीतही गोंगाट माजवतात.

दुसरी वाट गाळाची. पावसाळ्यात कोलांस नदी बड्या तलावात माती घेऊन येते. मरळीसारखा दबा धरून, नजरेने शिकार हेरणारा मासा अशा पाण्यात चाचपडतो. त्याच पाण्याबरोबर किडे, गांडुळं, कुजका पाला वाहून येतो. पंक्तीच्या पंक्ती वाढलेल्या असताना आपल्या कणकेच्या गोळीकडे कोण बघणार?

तिसरी वाट श्वासाची. बिट्टन मार्केटपासून जवळच्या शाहपुरा तलावासारख्या, सांडपाणी झेलणाऱ्या पाण्यात शेवाळ माजतं. उन्हात ते प्राणवायू सोडतं, रात्री उलट तोच ओढून घेतं. ढगांनी सूर्य दोन-तीन दिवस झाकला की जमा आटते आणि खर्च चालूच राहतो. पहाटे मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडं उघडझाप करू लागतात. श्वासाचेच वांधे झालेल्याला भूक कुठली! मरळ मात्र थेट हवेतूनही श्वास घेते, त्यामुळे या संकटातून ती बरीचशी सुटते. एकच ढगाळ हवामान, पण त्याचा अर्थ माशागणिक वेगळा.

चौथी वाट पाण्यातून जातच नाही. वाऱ्याने दोरीला झोल पडला की हलकी ओढ बोटांना कळत नाही. लाटांवर दोरीचं तरंगतं बोंड नाचत असेल तर माशाने टोचलं की वाऱ्याने हलवलं, हे ओळखता येत नाही. भिजलेला माणूस लवकर घरी पळतो. मासे लागलेच नाहीत आणि लागलेले कळलेच नाहीत, या दोन गोष्टी रिकाम्या पिशवीत सारख्याच दिसतात.

म्हणून पावसात गळ टाकायचाच असेल तर आधी पाणी वाचावं. गढूळ आणि निवळ पाण्याची सीमा कुठे आहे, वाऱ्याने किडे कोणत्या काठाशी गोळा केलेत, मासे वर येऊन धापा टाकताहेत का. वायुभारमापकावरचा आकडा पुढे येणाऱ्या ढगांची वर्दी देतो. ते ढग तळ्याचं काय करतील, हे सांगणं त्याचं काम नाही.