धूर आमचा, ठिपके त्यांचे

गेल्या फाल्गुनात जुन्नरला जाण्याचा योग आला. माझा एक जुना विद्यार्थी तिकडे द्राक्षबाग करतो. मंचर, कळंब, नारायणगाव अशी गावे मागे टाकीत आमची मोटार दुपारी त्याच्या मळ्यावर पोचली. घड गोडीला आले होते. पण त्याचे लक्ष पानांकडे. जुन्या पानांवर, शिरांच्या मधल्या जागेत, बारीक तपकिरी ठिपके पडले होते.

"सर, लाल कोळी समजून औषध मारलं. काही फरक नाही!"

मी पडलो मराठीचा प्राध्यापक. पानांची दुखणी मला काय ठाऊक? पण पुण्यास परतल्यावर पुस्तके चाळू लागलो आणि एका शब्दापाशी थबकलो. तो शब्द म्हणजे ओझोन.

ग्रीक भाषेत 'वास येणे' या अर्थाचा एक धातू आहे. त्यावरून शोनबाइन या रसायनशास्त्रज्ञाने 1840 च्या सुमारास या वायूचे बारसे केले. आभाळात वीस-पंचवीस किलोमीटरांवर असलेला ओझोन आपल्यावर छत्र धरतो. तोच जमिनीलगत आला की पिकांचा वैरी होतो. तो कोणत्याही धुराड्यातून बाहेर पडत नाही. मोटारी-कारखान्यांच्या धुरातील नायट्रोजनची ऑक्साइडे आणि पेट्रोलसारख्या द्रव्यांच्या वाफा यांवर ऊन पडले की तो हवेतच तयार होतो. आणि गंमत पाहा! शहरातल्या रस्त्यावर ताजा धूरच त्याला पुष्कळसा खाऊन टाकतो. वाऱ्याबरोबर तो खेड्याकडे गेला की तेथे त्याला खाणारे फारसे कोणी उरत नाही.

पानाच्या सूक्ष्म रंध्रांतून तो आत शिरतो व पेशींची आवरणे जाळतो. दाण्यात जायची साखर डागडुजीत खर्च होते, पान अकाली म्हातारे होते. कित्येकदा ठिपका दिसतही नाही. दाणा मात्र हलका भरतो. द्राक्षाच्या पानांवरील अशा ठिपक्यांचे कारण ओझोन आहे, हे कॅलिफोर्नियात 1958 मध्ये दाखवून देण्यात आले.

आपल्या पुण्याच्याच उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञांनी परदेशी सहकाऱ्यांसह 2014 मध्ये एक हिशेब मांडला. 2005 या एका वर्षात ओझोनमुळे भारताचा सुमारे 35 लाख टन गहू आणि 21 लाख टन तांदूळ बुडाला. एवढ्या धान्यात नऊ कोटींवर माणसे जेवली असती! पावसाळ्यात हा वायू कमी असतो. दिवाळीनंतर आभाळ निवळले की त्याचे दिवस सुरू होतात. नेमका तोच रब्बीच्या गव्हाचा आणि द्राक्षांचा हंगाम.

मी विद्यार्थ्याला फोन केला. म्हटले, "प्रत्येक ठिपका ओझोनचा नसतो. आधी नारायणगावच्या कृषी विज्ञान केंद्रात पान दाखव. पण तो ओझोनचा निघाला, तर कोळ्याचे औषध मारून पैसे घालवू नकोस."

"मग त्यावर औषध काय, सर?"

काय सांगणार? औषध त्याच्या मळ्यात नव्हतेच. ते आमच्या दाराशी उभ्या असलेल्या मोटारीत होते.

"पुढच्या खेपेला एस.टी.ने येतो," एवढेच मी म्हणालो.